स्पर्धात्मक जलतरणपटूंच्या खांद्याचे आरोग्य आणि शारीरिक अनुकूलन : एक विवेचन

सारांश

स्पर्धात्मक जलतरणात शरीर पुढे ढकलण्याचे मुख्य कार्य हातांना, म्हणजेच पर्यायाने खांद्यांना करावे लागते. दीर्घकालीन सरावामुळे खांद्याच्या स्नायूंत, कंडरांत आणि हालचालींच्या कक्षेत अनेक बदल घडून येतात. हे बदल कामगिरीस उपकारक असले तरी ते सर्वच आरोग्यास पोषक असतात असे नाही. प्रस्तुत लेखात खांद्याची रचना, पोहण्यातील हाताच्या फेऱ्याचे स्वरूप, सरावातून होणारे अनुकूलन, वेदनेची व्याप्ती व कारणे यांचे विवेचन केले असून प्रतिबंधाच्या उपायांचा महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या संदर्भात विचार केला आहे. अनुकूलन आणि इजा यांचा उगम एकाच भारात असतो; त्या भाराची मात्रा व गती यांवर परिणाम अवलंबून असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : जलतरण, खांद्याचा सांधा, अनुकूलन, कंडराविकार, सरावभार, प्रतिबंध.

प्रस्तावना

जलतरण हा सांध्यांवर कमीत कमी ताण देणारा व्यायामप्रकार मानला जातो. पाण्याच्या उद्धरणशक्तीमुळे शरीराचे वजन गुडघे, घोटे व कंबर यांवर पडत नाही. म्हणूनच स्थूल व्यक्ती, ज्येष्ठ नागरिक आणि संधिवाताचे रुग्ण यांना पोहण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला योग्यच आहे. परंतु तो आरोग्यासाठी पोहणाऱ्यांना लागू पडतो. स्पर्धेसाठी पोहणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत चित्र वेगळे असते. धावपटूच्या गुडघ्यावर जो भार येतो, त्याच्या तोडीचा भार जलतरणपटूच्या खांद्यावर येतो. मुळात खांद्याचा सांधा निसर्गाने भार वाहण्यासाठी नव्हे, तर हात सर्व दिशांना फिरविता यावा यासाठी घडविला आहे.

या भाराची कल्पना साध्या हिशेबाने येऊ शकते. ५० मीटर लांबीच्या तलावात एका लांबीसाठी दोन्ही हातांचे मिळून ४० फेरे लागतात असे मानले, तर प्रत्येक हाताच्या वाट्याला २० फेरे येतात. दररोज ६ किलोमीटर पोहणारा खेळाडू १२० लांब्या पूर्ण करतो. म्हणजे प्रत्येक खांदा दिवसाला २४०० वेळा फिरतो. आठवड्यातून सहा दिवस सराव असल्यास हे अंतर ३६ किलोमीटर आणि फेऱ्यांची संख्या प्रत्येक हातामागे १४,४०० होते. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे महाराष्ट्रातील सागरी जलतरणपटूंच्या परिचयाचे अंतर सुमारे ३६ किलोमीटरच आहे. ते पार करणाऱ्याचा यथोचित गौरव होतो. मात्र तलावातील खेळाडू अंतराच्या हिशेबाने तेवढेच पोहणे दर आठवड्याला करीत असतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उच्च पातळीवरील खेळाडूंचे साप्ताहिक अंतर तर याहूनही अधिक असते.

खांद्याची रचना : गतिशीलता आणि स्थैर्य यांचा तोल

खांदा हा उखळीचा सांधा होय. भुजास्थीचे गोलाकार डोके खवाट्याच्या हाडावरील खोबणीत फिरते. कमरेच्या सांध्यातील खोबण खोल असल्याने मांडीचे हाड तिच्यात घट्ट बसते. खांद्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ असते आणि भुजास्थीच्या डोक्याचा थोडासाच भाग कोणत्याही क्षणी तिच्या संपर्कात असतो. यामुळे हाताला विलक्षण स्वातंत्र्य मिळते. पण सांध्याच्या स्थैर्याची जबाबदारी हाडांऐवजी मऊ ऊतींवर येऊन पडते.

ही जबाबदारी प्रामुख्याने तीन घटक पार पाडतात. पहिला घटक म्हणजे सांध्याभोवतीचे वेष्टन व अस्थिबंध. दुसरा घटक रोटेटर कफ या नावाने ओळखला जाणारा चार स्नायूंचा गट होय. सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे ते चार स्नायू. हात फिरत असताना भुजास्थीचे डोके खोबणीच्या मध्यभागी दाबून धरणे हे त्यांचे मुख्य कार्य आहे. तिसरा घटक म्हणजे खवाट्याला बरगड्यांवर योग्य जागी धरून ठेवणारे स्नायू. खवाट्याचे धडाच्या सांगाड्याशी अस्थिमय नाते केवळ गळपट्टीच्या हाडामार्फत असते; बाकी तो स्नायूंच्याच आधारावर तरंगत असतो. हात पूर्ण वर उचलताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश खवाट्याच्या सरकण्यातून घडतात. खवाटा वेळेवर सरकला नाही, तर उरलेला भार सांध्याला सोसावा लागतो.

खवाट्याचा अॅक्रोमिअन नावाचा कंगोरा सांध्यावर छपरासारखा असतो. हे छप्पर आणि भुजास्थीचे डोके यांच्यामधील जागा जेमतेम १ सेंटीमीटरच्या आसपास असते. या चिंचोळ्या जागेतून सुप्रास्पायनॅटसची कंडरा जाते. जलतरणपटूंच्या खांद्याविषयीची बहुतेक चर्चा या कंडरेभोवती फिरते.

मुक्तशैलीतील हाताचा फेरा

स्पर्धक कोणत्याही शैलीचा असला तरी त्याच्या सरावाचा मोठा भाग मुक्तशैलीत होतो. म्हणून या शैलीतील हाताच्या फेऱ्याचे टप्पे समजून घेणे आवश्यक ठरते. हात डोक्यापुढे पाण्यात शिरतो, पुढे ताणला जातो, कोपर उंच ठेवून पाणी पकडतो, शरीराखालून मांडीपर्यंत ते मागे ढकलतो आणि पाण्याबाहेर येऊन पुन्हा पुढे जातो. पाणी ओढण्याच्या टप्प्यात छातीचा मोठा स्नायू आणि लॅटिसिमस डॉर्साय हा पाठीचा रुंद स्नायू हे मुख्य इंजिन असतात. दोन्ही स्नायू हाताला शरीराकडे ओढतात व आतल्या बाजूस फिरवितात.

मेरिलिन पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मुक्तशैलीतील १२ स्नायूंच्या विद्युत्-क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. बहुतेक स्नायू फेऱ्याच्या एखाद्या टप्प्यात काम करतात व अन्य टप्प्यांत विसावतात. परंतु सेराटस अँटिरिअर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे दोन स्नायू संपूर्ण फेऱ्यात कार्यरत राहतात. सेराटस अँटिरिअर हा खवाट्याला बरगड्यांशी जखडून ठेवणारा व वर फिरविणारा स्नायू आहे. ज्याला विश्रांतीच नाही तो स्नायू आधी थकणार, हे उघड आहे. त्याच वर्षी याच गटाने वेदनाग्रस्त खांद्यांचाही अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी ओढण्याच्या टप्प्यात वेदनाग्रस्त खेळाडूंच्या सेराटस अँटिरिअरची क्रिया घटलेली आढळली. अर्थात हा ऱ्हास वेदनेचे कारण होता की परिणाम, हे अशा एकवेळच्या निरीक्षणावरून ठरविता येत नाही.

थकव्याचा परिणाम किती लवकर दिसू लागतो हे डेन्मार्कमधील २०११ च्या एका अभ्यासातून स्पष्ट होते. खांदेदुखी नसलेल्या ७८ स्पर्धात्मक जलतरणपटूंचे एकाच सराव-सत्रात टप्प्याटप्प्याने निरीक्षण करण्यात आले. सत्राचा पाव भाग संपताना ३७ टक्के खेळाडूंच्या खवाट्याच्या हालचालीत बिघाड दिसू लागला. अर्ध्या सत्रात हे प्रमाण ६८ टक्क्यांवर, तर सत्राअखेर ८२ टक्क्यांवर पोहोचले. हे सर्व खेळाडू वेदनामुक्त होते, ही बाब लक्षणीय आहे. थकव्याने हालचाल बिघडणे हा आजार नव्हे. पण बिघडलेल्या हालचालीने पुढील शेकडो फेरे मारले जातात, तेव्हा त्याची किंमत ऊतींना मोजावी लागते.

शारीरिक अनुकूलन : लाभ आणि मोल

शरीर त्याच्यावर पडणाऱ्या भाराशी जुळवून घेते, हे प्रशिक्षणशास्त्राचे मूलतत्त्व होय. मात्र ते केवळ मिळालेल्या भाराशीच जुळवून घेते. तलावातील जलतरणपटूंची हृदय-श्वसन क्षमता उत्तम असते. परंतु त्यांच्या हाडांची घनता बैठी जीवनशैली असलेल्या समवयस्कांच्या तुलनेत फारशी वेगळी नसते, असे अनेक अभ्यासांत आढळते. पाण्यात हाडांवर आघात होत नसल्याने ती अधिक बळकट होण्याचे कारणच उरत नाही. अनुकूलनाचा हा निवडक स्वभाव खांद्यातही दिसून येतो.

अ) स्नायुबळातील असमतोल : पाणी ओढण्याच्या क्रियेमुळे हात आत फिरविणारे स्नायू वर्षानुवर्षे बळकट होत जातात. बाहेर फिरविणाऱ्या स्नायूंना तेवढे काम मिळत नाही. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीत बाहेर फिरविणाऱ्या स्नायूंचे बळ आत फिरविणाऱ्यांच्या सुमारे दोन तृतीयांश असते. जलतरणपटूंत हे गुणोत्तर खाली घसरते. पोर्तुगालमधील नुनो बटाल्हा व सहकाऱ्यांनी किशोरवयीन जलतरणपटूंवर केलेल्या अभ्यासांत एकाच स्पर्धा-हंगामात हा असमतोल वाढत जातो असे दाखविले. येथे बाहेर फिरविणारे स्नायू दुबळे होतात असे नसून ते मागे पडतात, हा भेद ध्यानात घ्यावा लागतो.

आ) हालचालीच्या कक्षेतील बदल : जलतरणपटूचा खांदा सैल व लवचीक असतो. काही अंशी ही देणगी जन्मजात असते. लवचीक खांद्याची मुले या खेळात टिकतात व पुढे येतात. काही अंशी ती सरावाने वाढते. लवचीक खांद्यामुळे लांबवर हात टाकता येतो आणि कोपर उंच ठेवून पाणी पकडता येते. तथापि वेष्टन जितके सैल, तितके स्थैर्याचे ओझे स्नायूंवर अधिक. ऑस्ट्रेलियातील ७४ जलतरणपटूंचा १२ महिने पाठपुरावा करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलन वॉकर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात याविषयी एक उद्बोधक गोष्ट आढळली. ज्यांच्या खांद्याची बाहेर फिरण्याची कक्षा ९३ अंशांपेक्षा कमी होती आणि ज्यांची १०० अंश वा त्याहून अधिक होती, अशा दोन्ही गटांत इजेचा धोका मधल्या गटापेक्षा जास्त होता. आखडलेला खांदा जसा धोक्याचा, तसाच अतिसैल खांदाही धोक्याचा, असा याचा अर्थ होतो.

इ) शरीरस्थितीतील बदल : पुढे झुकलेले खांदे आणि किंचित पोक काढलेली पाठ ही जलतरणपटूची ओळख मानली जाते. छातीचे स्नायू, विशेषतः पेक्टोरॅलिस मायनर हा लहान स्नायू, आखूड झाल्याने खवाटा पुढे ओढला जातो. वर्गात आणि संगणकासमोर तासन्‌तास वाकून बसल्याने या प्रवृत्तीस हातभारच लागतो.

ई) कंडरेतील बदल : अधिक काळ व अधिक पातळीवर पोहणाऱ्यांची सुप्रास्पायनॅटस कंडरा जाड झालेली दिसते. हा भाराला दिलेला प्रतिसाद होय. परंतु कंडरेला रक्तपुरवठा मर्यादित असतो व तिच्यातील चयापचय मंद असते. स्नायूंचे बळ काही आठवड्यांत वाढू लागते. कंडरेच्या पुनर्रचनेस मात्र महिने लागतात. या दोन गतींतील अंतरातच बहुतांश इजांचे मूळ दडलेले असते. खेळाडूला आपण सशक्त झालो असे वाटते, प्रशिक्षक अंतर वाढवितो, स्नायू साथ देतात आणि कंडरा मागे राहते.

वेदनेची व्याप्ती

‘जलतरणपटूचा खांदा’ ही संज्ञा कॅनडातील शल्यचिकित्सक जे. सी. केनेडी आणि रिचर्ड हॉकिन्स यांनी १९७४ मध्ये रूढ केली. त्यांच्या पाहणीतील सुमारे अडीच हजार जलतरणपटूंपैकी जेमतेम ३ टक्के खेळाडूंना खांद्याची तक्रार होती. पुढील दोन दशकांत सरावाचे अंतर व तीव्रता वाढत गेली. विल्यम मॅकमास्टर व जॉन ट्रूप यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील १२६२ जलतरणपटूंच्या पाहणीत, सरावात अडथळा आणणारी खांदेदुखी पाहणीच्या वेळी १३-१४ वर्षांच्या गटात १० टक्के, १५-१६ वर्षांच्या गटात १३ टक्के आणि राष्ट्रीय संघातील खेळाडूंत २६ टक्के इतकी होती. पूर्वी कधीतरी असा त्रास होऊन गेल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण तर याहून कितीतरी अधिक होते. ऑस्ट्रेलियातील उच्च पातळीवरील ८० तरुण जलतरणपटूंच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९१ टक्के खेळाडूंनी खांदेदुखी असल्याचे नोंदविले.

या आकड्यांची एकमेकांशी थेट तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही. कारण प्रत्येक पाहणीत ‘वेदना’ या शब्दाची व्याख्या निराळी आहे. तथापि खेळाची पातळी जसजशी उंचावते, तसतशी वेदनेची व्याप्ती वाढते, हे १९९३ च्या पाहणीच्या अंतर्गत तुलनेवरूनच सिद्ध होते.

कारणमीमांसा : घर्षणाकडून अतिभाराकडे

खांदेदुखीच्या कारणांविषयीची धारणा गेल्या पाच दशकांत बदलत गेली आहे. चार्ल्स नीर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९७२ मध्ये असे मांडले की, हात वर उचलताना सुप्रास्पायनॅटसची कंडरा अॅक्रोमिअनच्या छपराखाली चेपली जाते व वारंवार घासली जाऊन खराब होते. जलतरणपटूंच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पटण्याजोगे होते. तोशिमासा यानाई व जेम्स हे यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुक्तशैलीच्या एका फेऱ्यातील सरासरी २४.८ टक्के वेळ खांदा अशा चेपणाऱ्या स्थितीत असतो असे अनुमान काढले. पाणी ओढताना हात प्रमाणाबाहेर आत फिरलेला असणे आणि हात पुढे आणताना तो बाहेर फिरविण्यास उशीर होणे, ही त्यामागील प्रमुख तांत्रिक कारणे त्यांनी नोंदविली.

यानंतर सैल सांध्याकडे लक्ष वेधले गेले. स्नायू थकले की भुजास्थीचे डोके खोबणीच्या मध्यापासून ढळते आणि चेपणे हा त्याचा दुय्यम परिणाम असतो, असा विचार पुढे आला. वर उल्लेखिलेल्या २०१० च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाने या चर्चेत महत्त्वाची भर घातली. त्यातील ५२ खेळाडूंच्या एमआरआय तपासणीत ६९ टक्के खेळाडूंना सुप्रास्पायनॅटसचा कंडराविकार आढळला. या विकाराचा संबंध सांध्याच्या सैलपणापेक्षा पोहण्याच्या साप्ताहिक तासांशी व अंतराशी अधिक स्पष्टपणे जोडता आला. आठवड्याला १५ तासांहून अधिक किंवा ३५ किलोमीटरहून अधिक पोहणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजेच छपराचा आकार वा सांध्याचा सैलपणा यांपेक्षा एकूण भार हा अधिक निर्णायक घटक ठरतो.

अर्थात केवळ भाराला दोषी ठरवून चालणार नाही. तेवढेच अंतर पोहणारे दोन खेळाडू असतात. एकाचा खांदा दुखतो, दुसऱ्याचा दुखत नाही. तंत्रातील दोष, स्नायूंची दमश्वास टिकविण्याची क्षमता, पूर्वीची इजा, झोप व आहार यांवरही परिणाम अवलंबून असतो. विशेषतः भारात अचानक झालेली वाढ ही भाराच्या निव्वळ प्रमाणाइतकीच घातक ठरू शकते.

खांद्यात जाणवणारी प्रत्येक वेदना खांद्यातूनच उगम पावते असेही नाही. मानेच्या मणक्यातील चकती सरकल्यास वेदना खांद्यात व हातात उतरते. भारताचे सजन प्रकाश मानेच्या अशाच दुखापतीतून सावरले आणि जून २०२१ मध्ये रोम येथे २०० मीटर बटरफ्लाय शर्यत १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पूर्ण करून ऑलिम्पिकचा ‘अ’ पात्रता निकष गाठणारे पहिले भारतीय जलतरणपटू ठरले. अचूक निदान आणि संयमित पुनर्वसन यांचे मोल या उदाहरणातून अधोरेखित होते.

वेदनेविषयीची मनोवृत्ती

या प्रश्नाला शरीरशास्त्राइतकीच मानसिकतेचीही बाजू आहे. एलिझाबेथ हिबर्ड व जोसेफ मायर्स यांनी अमेरिकेतील शालेय वयाच्या १०२ क्लब-जलतरणपटूंची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. खांदेदुखी ही पोहण्याचा स्वाभाविक भाग आहे आणि सराव पूर्ण करण्यासाठी ती सहन केलीच पाहिजे, अशी बहुसंख्य खेळाडूंची धारणा त्यात दिसून आली. सत्तर टक्क्यांहून अधिक खेळाडूंनी वेदनाशामक औषधे घेतल्याचे सांगितले.

सरावानंतर स्नायू ओढल्यासारखे वाटणे आणि सांध्यात टोचणारी वेदना होणे यांत फरक आहे. पहिली भावना एक-दोन दिवसांत ओसरते. दुसरी पुढच्या सत्रात तेथेच भेटते. वेदनाशामक गोळीने कंडरा बरी होत नाही, केवळ तिची तक्रार ऐकू येईनाशी होते. त्या शांततेत खेळाडू आणखी काही हजार फेरे मारतो. ‘सोसल्याशिवाय यश नाही’ हा विचार खेळाडूच्या चारित्र्याचे भूषण असला तरी तो निदानाची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिबंधाचे उपाय

१) भाराची नोंद व क्रमशः वाढ : प्रत्येक खेळाडूचे दैनंदिन अंतर, सत्राचा कालावधी आणि त्याला जाणवलेली तीव्रता शून्य ते दहा या मापनात नोंदविणे, ही सर्वांत स्वस्त व उपयुक्त पद्धत आहे. आठवड्याला १० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये असा संकेत प्रचलित आहे. या विशिष्ट आकड्यास भक्कम शास्त्रीय आधार नसला तरी क्रमशः वाढीचे तत्त्व सर्वमान्य आहे.

२) तंत्रशुद्धता : हात पाण्यात शिरताना अंगठा आधी जाणे, हात शरीराची मध्यरेषा ओलांडणे आणि कोपर खाली पडणे हे तीन दोष खांद्यास विशेष अपायकारक मानले जातात. बोटांची टोके आधी, हात खांद्याच्या रेषेत आणि कोपर उंच, ही सुधारणा अपेक्षित असते. धड दोन्ही बाजूंना पुरेसे वळल्यास हात पुढे आणताना खांद्याला मोकळी जागा मिळते. श्वास कायम एकाच बाजूने घेणाऱ्या खेळाडूंत हे वळणे एकांगी होण्याचा संभव असतो.

३) साधनांचा विवेकी वापर : हँड पॅडलमुळे पाण्याचा प्रतिरोध वाढतो व प्रत्येक फेऱ्याचा भार वाढतो. किकबोर्ड हात ताणून धरल्यास खांदा दीर्घकाळ चेपलेल्या स्थितीत राहतो. दुखऱ्या खांद्याच्या खेळाडूने पॅडल टाळावेत आणि पायांचा सराव हात शरीरालगत ठेवून अथवा पाठीवर करावा.

४) जमिनीवरील पूरक व्यायाम : रबरी पट्ट्याने हात बाहेर फिरविणे, जोर काढताना शेवटी खवाटे पुढे ढकलणे, पालथे झोपून हात बाजूस व तिरके वर उचलणे, हे व्यायाम मागे पडलेल्या स्नायूंना काम देतात. बटाल्हा व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १६ आठवड्यांच्या पूरक व्यायामाने किशोरवयीन जलतरणपटूंच्या स्नायुबळाचा समतोल सुधारल्याचे आढळले. समतोल सुधारला म्हणजे वेदना टळलीच, असा सरळ निष्कर्ष मात्र काढता येत नाही. येथे जड वजनापेक्षा दीर्घकाळ टिकण्याची क्षमता महत्त्वाची होय. हे व्यायाम सरावाच्या लगेच आधी थकवा येईपर्यंत करू नयेत. अन्यथा खांदा थकलेल्या अवस्थेतच पाण्यात उतरतो.

५) ताणाच्या व्यायामांचे पुनर्विलोकन : सोबत्याकरवी दोन्ही हात मागे खेचून घेण्याची जुनी प्रथा अनेक तलावांवर दिसते. आधीच सैल असलेले सांध्याचे पुढील वेष्टन त्यामुळे अधिक सैल होते. ताण द्यावयाचा तो छातीच्या आखूड स्नायूंना व पाठीच्या वरच्या भागाला; सांध्याला नव्हे.

६) अन्य खेळांत सहभाग : अँजेला टेट व सहकाऱ्यांनी ८ ते ७७ वर्षे वयाच्या २३६ स्त्री-जलतरणपटूंवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेदनाग्रस्त गटाचे पोहण्याचे प्रमाण अधिक, तर अन्य खेळांतील सहभाग कमी आढळला. लहान वयात एकाच खेळाचा आग्रह धरण्याविषयी पालकांनी व प्रशिक्षकांनी पुनर्विचार करावा, असे यावरून सुचविता येते.

महाविद्यालयीन संदर्भ

उपरोक्त बहुतांश संशोधन परदेशातील क्लब व राष्ट्रीय संघांतील खेळाडूंवर झाले आहे. तेथील खेळाडू बाराही महिने नियमित सराव करतात. आपल्याकडील महाविद्यालयीन जलतरणपटूचे वर्ष वेगळ्या रीतीने जाते. अनेक महाविद्यालयांकडे स्वतःचा तलाव नसतो. सरावासाठी नगरपालिका, महानगरपालिका अथवा खासगी संस्थांच्या तलावांवर अवलंबून राहावे लागते. सत्र परीक्षांच्या काळात सराव खंडित होतो. पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख जाहीर होते आणि दोन-तीन आठवड्यांत हरवलेली तयारी भरून काढण्याचा प्रयत्न सुरू होतो.

आठवड्याला १० किलोमीटरही न पोहणारा विद्यार्थी एकदम ३० किलोमीटर पोहू लागला, तर त्याचा एकूण भार आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या तुलनेत अल्पच असतो. परंतु त्याच्या कंडरेच्या दृष्टीने ही तिप्पट वाढ असते. म्हणून परदेशी खेळाडूंचे सरावतक्ते जसेच्या तसे उचलणे जितके अनुचित, तितकेच आपले विद्यार्थी कमी पोहतात म्हणून ते सुरक्षित आहेत असे मानणेही चुकीचे ठरते.

या बाबतीत क्रीडा संचालकांइतकीच अन्य प्राध्यापकांचीही भूमिका आहे. परीक्षेच्या काळात सराव पूर्ण बंद न करता आठवड्यातून दोन-तीन हलकी सत्रे व जमिनीवरील व्यायाम चालू ठेवण्यास विद्यार्थ्याला वाव मिळाला, तर पुढील धोका बराच कमी होऊ शकतो. वर्गशिक्षकाने, पर्यवेक्षकाने वा पालक-प्राध्यापकाने खांद्याची विचारपूस करणे ही साधी बाबही उपकारक ठरते; कारण संघातील स्थान जाण्याच्या भीतीने विद्यार्थी प्रशिक्षकापासून वेदना लपवितो. रात्री झोपमोड करणारी वेदना, हात उचलताना जाणवणारा अशक्तपणा, सांधा निसटल्याची भावना आणि हाताला मुंग्या येणे ही लक्षणे आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञ वा भौतिकोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठविणे आवश्यक आहे.

औषधोपचाराचा एक नियमही ज्ञात असावा. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने कोणत्याही मार्गाने टोचलेल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधांवर स्पर्धाकाळात बंदी घातली आहे. खांद्यात दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन या नियमात येते. स्पर्धेच्या तोंडावर ‘एक इंजेक्शन घेऊन पोह’ असा सल्ला देणारा हितचिंतक खेळाडूच्या खांद्याबरोबर त्याची पात्रताही धोक्यात घालू शकतो.

समारोप

जलतरणपटूचा खांदा भाराने घडतो आणि भारानेच बिघडतो. बळकट स्नायू, विस्तृत कक्षा आणि जाड कंडरा ही अनुकूलनाची चिन्हे आहेत. पण त्यांपैकी एकही चिन्ह खांदा निरोगी असल्याची ग्वाही देत नाही. स्नायू लवकर जुळवून घेतात, कंडरा सावकाश. बाहेर फिरविणारे स्नायू मागे पडतात आणि खवाट्याला धरणारे स्नायू आधी थकतात. या विषम गतींची जाण ठेवून सरावाची आखणी करणे हाच प्रतिबंधाचा गाभा होय. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत; नोंदवही, रबरी पट्टा, तंत्रावर नजर आणि विद्यार्थ्याला वेदना निःसंकोचपणे सांगता येईल असे वातावरण एवढी सामग्री पुरते. भारतीय महाविद्यालयीन जलतरणपटूंच्या सरावभाराच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या गेल्या, तर परदेशी निष्कर्षांची येथील परिस्थितीत पडताळणी करता येईल. शारीरिक शिक्षण, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे कार्य आहे.